हास्कसाहेबांची ओटी

लेलंड हास्क या थोर अमेरिकन कवीच्या नावानं त्याच्या कॉलेजात एक सभागृह बांधलं आहे. त्याच्या उद्घाटनासाठी जुन्या विद्यार्थ्यांकडून प्रेमळ आठवणी मागवताहेत, आणि कुठून कोण जाणे, त्यांना माझा पत्ता सापडला. मेल फार गोड भाषेत आहे. ‘लेलंडच्या साउथहॅम्प्टनमधल्या दिवसांविषयी आम्हाला फार थोडं ठाऊक आहे.’ असणारच. ते दिवस लेलंडनं स्वतः सांगितलेले आहेत, आणि लेलंडनं सांगितलेल्या गोष्टीत लेलंडशिवाय दुसरं कोणी फारसं नसतं. माझ्याकडे त्याची प्रेमळ अशी एकही आठवण नाही. चांगल्या मात्र पुष्कळ आहेत, आणि त्या मी इतकी वर्षं बरणीत दादरा बांधून ठेवल्या आहेत. त्यांना पाठवायच्या की नाही ते नंतर बघू. तुम्हाला आधी वाढते.

आमचं घर हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. बाबा तिथे भूल देणारे डॉक्टर. लोकांना झोपवणं हा त्यांचा पेशा, आणि घरातही त्यांचा आवाज त्याच कामाला पुरेल इतपतच. संध्याकाळी ते आले की बूट काढायचे, ‘आलो’ म्हणायचे आणि त्या एका शब्दानंतर जेवणापर्यंत गप्प. बाकीचं सगळं बोलणं आईनं उचललेलं. आई स्वयंपाकघरात असली की कुकर, रेडिओ, एक्झॉस्ट फॅन आणि ती, असे चौघे एकदम बोलत. फोडणी घालताना ती मागचं दार सताड उघडायची, म्हणजे घरात वास राहायला नको, आणि मग शेजारच्या बाईंना वास गेला म्हणून त्यांना वाटीभर भाजी पाठवायची. वारा दक्षिणेकडून असला की बंदरावरचे भोंगे थेट आमच्या ओट्यापर्यंत यायचे. मोठी जहाजं निघताना खर्जात हंबरतात. आई पोळी लाटता लाटता मान वर करून म्हणायची, ‘निघाली बाई ही,’ जणू कोणी लेक सासरी चालली आहे.

आई उखाणे करायची. पाठ केलेले म्हणायची नाही, करायची. चांदीचं ताट आणि महादेवाची पिंडी असले रेडीमेड उखाणे कोणी घेतले की तिच्या कपाळाला आठी पडे. ती मराठीची एम.ए. होती, साताऱ्याला दोन वर्षं कॉलेजात शिकवलेलं होतं, आणि इथे आल्यावर त्या सगळ्याचं काय करायचं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग ते सगळं उखाण्यांत जायचं. आमच्या दारात दूधवाला बाटल्या ठेवून जायचा आणि पक्षी येऊन चंदेरी झाकणं फोडायचे. त्यावर तिचा उखाणा होता:

‘दाराशी दुधाची बाटली, पाखरानं मारली चोच,
श्रीधररावांच्या आधी साय खाल्ली, एवढीच मला बोच.’

श्रीधर म्हणजे बाबा. तेव्हा हळदीकुंकवाला ब्रॅकनेलहून, एजवेअरहून बायका गाड्या काढून यायच्या त्या तिळगुळासाठी नव्हे, सुमनताईंनी यंदा काय केलं आहे ते ऐकायला. त्यांच्यात मुख्य मालतीकाकू. ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत हिशेब बघायच्या आणि बायकांच्या कार्यक्रमांचे नियम त्याच ठरवायच्या. त्यांचा पहिला नियम असा, की नाव घेतल्याशिवाय ओटी नाही, आणि एकदा नाव घेतलं की ओटी कोणाला चुकणार नाही. हा नियम लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर एका माणसाची कारकीर्द टांगायची आहे.

तर हास्क. साउथहॅम्प्टनच्या कॉलेजात एक वर्षासाठी अमेरिकेतून कविता शिकवायला कोणी प्रोफेसर येताहेत, त्यांना खोली हवी आहे, असं बाबांच्या एका सहकाऱ्यानं विचारलं. बाबा म्हणाले, ‘घरी विचारून सांगतो,’ म्हणजे हो म्हणाले. सप्टेंबरात तो दारात उभा राहिला. ताडमाड उंच, गळ्याला विणलेला लाल मफलर, पायात लाकूडतोड्याचे बूट. आयुष्यात त्यानं तोडल्या असतील तर विद्यार्थ्यांच्या कविता, पण ते पुढे कळलं. त्यानं आईचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे मिटले आणि नाकानं खोल श्वास घेतला. ‘जिरं,’ तो म्हणाला. होता तो बाथरूम धुण्याचा साबण. आईनं हात सोडवून घेतले आणि मला मराठीत म्हणाली, ‘सर्दी झालेली दिसते.’

त्याचं चरित्र आम्हाला रोज जेवताना मिळायचं, हप्त्याहप्त्यानं. जन्म ओहायोमधल्या मक्याच्या शेतांत. वडील व्हॅक्यूम क्लीनर विकायचे. ते मक्यात कोसळून गेले, तेव्हा लेलंड एकोणीस वर्षांचा, आणि त्या मृत्यूवर त्यानं जी दीर्घ कविता लिहिली तिनं त्याला एकदम नाव, बक्षीस आणि नोकरी मिळवून दिली. दुसरा संग्रह बायकोवर. तो छापून आला त्या वर्षी बायको गेली. मेली नाही, नुसती गेली. त्यानंतर सगळं आटलं. बरीच वर्षं त्यानं एकही ओळ लिहिली नव्हती. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात एकेका वर्षाच्या बोलीवर फिरत होता, आणि तेच फिरणं तो ‘तीर्थयात्रा’ म्हणून सांगायचा. हे सगळं ऐकताना आई त्याला तिसऱ्यांदा भात वाढायची. मला तो अगदी पहिल्या आठवड्यापासून आवडत नव्हता. तो माझ्या ताटातलं लोणचं बोटानं उचलायचा.

आणि मग एका रविवारी दुपारी फोन वाजला. आईनं घेतला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, फार नम्र, थोडे बहिरे. ते ओहायोहून बोलत होते. आई त्यांच्याशी हवेबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, मग जिन्याशी जाऊन स्वच्छ इंग्रजीत वर हाक मारली, ‘प्रोफेसर, तुमच्या वारलेल्या वडिलांचा फोन आहे.’

हास्क खाली आला, बोलला, फोन ठेवला आणि आम्हाला समजावून सांगितलं. कवितेतलं सत्य वेगळं असतं. त्या कवितेला वडील गेलेले हवे होते. आईनं विचारलं, ‘आणि त्यांना?’ तो हसला. आई हसली नाही. पुढे दर रविवारी ते गृहस्थ फोन करायचे आणि निम्मा वेळ आईशीच बोलायचे. आपण मेलो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. ‘छान लिहिलंय म्हणतात,’ ते आईला म्हणाले होते, ‘मी काही वाचलं नाही.’

दर शनिवारी हास्क सिटी लायब्ररीत मुलांसाठी कवितेचा वर्ग घ्यायचा. मी सतरा वर्षांची होते आणि आपण कवी आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याची शिकवण्याची पद्धत अशी, की तुम्ही कविता टाइप करून आणायची, तो ती मोठ्यानं वाचायचा, मग खिशातून कात्री काढायचा. ज्या ओळी मेलेल्या त्या कापून जमिनीवर. जी उरेल ती पट्टी तुमच्या हातात. बहुतेकांच्या हातात काही येत नसे. वर्ग संपला की लायब्ररीच्या मिसेस ड्रूइट केरसुणी घेऊन यायच्या. कोरड्या, उंच बाई, चष्मा साखळीला. केर भरताना त्या तुकडे वाचायच्या आणि काही काही कार्डिगनच्या खिशात ठेवायच्या, हे मी पाहिलं आहे.

माझी कविता डॉक गेटकडे जाणाऱ्या बसवर होती. चांगली होती हो. आजही वाचली तर मला लाज वाटत नाही. वरच्या मजल्यावरची पुढची सीट, धुकं बसलेली काच, जहाजं दिसायच्या आधी ऐकू येणं, आणि शेवटी आईचा एक उखाणा मी इंग्रजीत करून घातला होता:

‘बंदराला लागलं जहाज, भोंगा वाजला तीनदा,
श्रीधररावांना सांगते, चहा गरम होतो एकदा.’

हास्कनं बस कापली. काच कापली. धुकं कापलं. खाली कागदांचा कोंडा पडत होता आणि माझे कान तापत होते. शेवटी त्यानं दोन ओळींची पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. ‘इतकंच जिवंत आहे,’ तो म्हणाला. ‘हे कुठून आणलंस?’

‘माझ्या आईचं आहे.’

‘तिनं कुठून आणलं?’

‘तिनं केलं. गेल्या संक्रांतीला.’

तो माझ्याकडे बघून असा हसला, जसं पाच वर्षांच्या मुलानं पडलेला दात परीनं नेला म्हणावं. ‘बाळ,’ तो म्हणाला, ‘असलं कोणी करत नसतं. हे झिरपत येतं.’

जानेवारीत आमच्याकडे हळदीकुंकू झालं. पुरुषांना मज्जाव, म्हणून बाबा मुकाट्यानं लायब्ररीत गेले. हास्क मात्र जिन्याच्या कठड्यातून पाय खाली सोडून बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मालतीकाकूंनी त्याला पाहिलं. ‘सुमनताई, तुमच्या जिन्यावर कोणाचे बूट लोंबताहेत?’ आई म्हणाली, ‘लॉजर आहेत. कवी आहेत.’ काकू म्हणाल्या, ‘मग वाणाचा मापाचा चमचा त्यांनाही द्या एक. काहीतरी मोजू देत.’

त्यानंतर तो रोज चार वाजता टेबलाशी येऊन बसायला लागला. आई पोळ्या करायची, उखाणे सांगायची, मी इंग्रजी करायचे, तो लिहून घ्यायचा. माझं इंग्रजी तो फारसं बदलत नसे, हेही सांगून ठेवते. ते दोन महिने आई किती आनंदात होती ते आठवलं की मला अजून त्याचा राग येतो, जसाच्या तसा, ताजा. ती सकाळी अंघोळ करून चांगली साडी नेसायची. एखादा शब्द अडला तर कणकेचा हात तसाच ठेवून खिडकीकडे बघत राहायची आणि मग म्हणायची, ‘नाही, तो काढ. हा घाल.’ खीर तर रोजचीच झाली होती. साताऱ्याच्या तिच्या जुन्या प्राध्यापकांना तिनं फोनवर सांगून टाकलं, की पुस्तक येतंय, इंग्रजीत. बाबांनी ते ऐकलं आणि जेवताना म्हणाले, ‘वा.’ बाबांचा ‘वा’ वर्षातून एखादाच यायचा.

मार्चअखेर कॉलेजनं छापलेल्या पुस्तिकेच्या प्रती आल्या. हिरवं पातळ कव्हर. आईनं हात पुसून ती घेतली आणि उभ्यानंच वाचली. नाव होतं ‘अनाम पत्नींची गाणी’, खाली लेलंड हास्क. प्रस्तावनेत म्हटलं होतं, की ही गाणी रचणाऱ्या स्त्रियांना नाव नाही, अक्षरओळख नाही, त्या फक्त एक कंठ आहेत आणि त्या कंठातून शतकं बोलतात. कुठल्या शतकात साउथहॅम्प्टनला दूधवाला होता ते लिहिलेलं नव्हतं. आईनं पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चाळली, पाठीमागचं पानही बघितलं.

‘मेधा,’ ती म्हणाली, ‘ह्यांचं नाव पानापानावर आहे. माझं कुठेच नाही.’

चार वाजता हास्क आला तेव्हा तिनं सरळ विचारलं. त्यानं खुर्ची ओढली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि फार हळुवारपणे सांगितलं, की तिचं मोठेपण यातच आहे की यात ती नाही. नाव घातलं की ती एक गृहिणी उरते. नाव नसलं की ती एक परंपरा होते. आई म्हणाली, ‘मला गृहिणी चालेल.’ तो हसला. मग ती म्हणाली, पुस्तक छापून झालं ते झालं, पण लायब्ररीत प्रकाशन आहे ना, तिथे एकदा, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडानं सांगा की हे सुमननं केलं आहे. एवढंच.

‘विचार करतो,’ हास्क म्हणाला.

विचार करण्यासारखं त्याच्यापुढे बरंच होतं. प्रकाशनाला कॉलेजचे लोक येणार होते आणि त्याला कायम ठेवायचं की नाही ते त्यांना ठरवायचं होतं. शतकांचा कंठ शोधून काढणाऱ्याला नोकरी मिळते. डॉक्टरीणबाईंच्या उखाण्यांचं इंग्रजी करून घेणाऱ्याला नाही, आणि तेही त्यांच्या मुलीकडून.

आईनं भांडण केलं नाही. तिनं फक्त त्याचा स्वयंपाक बदलला. ‘तुम्हाला साधं आवडतं ना,’ म्हणत त्याच्यापुढे उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर आणि उकडलेला कोबी यायला लागला, शेजारच्या बाईंना विचारून, त्यांच्याकडे उकडतात तितका वेळ उकडलेला. आमच्या ताटात भरली वांगी. तो वासानं कासावीस व्हायचा. चहा ती करायची आमच्याबरोबरच, पण त्याचा कप खिडकीत ठेवायची आणि साय धरली की मग वर पाठवायची. दहा-बारा दिवसांत माणूस उतरला. पण तोंडातून ‘हो’ काही निघेना.

मग तो माझ्याकडे आला. प्रकाशनाची सुरुवात त्याला मूळ भाषेतून करायची होती, जहाजाच्या उखाण्यानं. मी शिकवीन का?

मी शिकवला. मनापासून शिकवला. ‘ळ’ काही जमला नाही, पण त्या उखाण्यात ‘ळ’ नाहीच. ‘ध’ त्यानं घोटून घोटून घेतला, ‘श्रीधररावांना’ तर इतकं लाडात म्हणायला शिकला की ऐकवत नसे. आमच्यात हे कोण म्हणतं, कधी म्हणतं आणि म्हटल्यावर म्हणणाऱ्याचं काय करतात, हे त्यानं मला विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या रात्री मी मालतीकाकूंना फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘त्याला नीट पाठ होऊ दे हं. मध्ये अडकायला नको. चैत्र चालूच आहे. कुंकवाची कोयरी मी आणते.’

लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पुढच्या दोन रांगा आमच्या बायकांनी धरल्या होत्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत. आई मध्यभागी, हाताची घडी घालून. बाबा मागच्या दाराशी, कारण ते कॉलवर होते आणि कमरेचा बीपर वाजला तर निघायला बरं. कॉलेजचे लोक डावीकडे. मिसेस ड्रूइट प्रास्ताविक करून बाजूला झाल्या. हास्क उठला, मफलर सारखा केला, हात पसरले आणि म्हणाला:

‘बंदराला लागलं जहाज, भोंगा वाजला तीनदा,
श्रीधररावांना सांगते, चहा गरम होतो एकदा.’

एक अक्षर चुकला नाही. गुरू म्हणून मला भरून आलं.

‘घेतलं,’ मालतीकाकू उभ्या राहत म्हणाल्या, ‘नाव घेतलं. चला गं.’

पुढच्या दोन्ही रांगा उठल्या. काकूंनी त्याच्या कपाळावर हळद लावली, त्यावर कुंकू, चांगलं ठसठशीत. दुसरीनं हाताला अत्तर लावलं. तिसरीनं त्याच्या मफलरचीच झोळी करून ती त्याला दोन्ही हातांनी धरायला लावली आणि तिच्यात खण, तांदूळ, नारळ आणि मूठभर भिजवलेले हरभरे घातले. ‘पदर नीट धर,’ काकू त्याला मराठीत म्हणाल्या, ‘सांडशील.’ त्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. पूर्वेनं त्याला आपलं म्हटलं होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आलेला होता. त्यानं ओटी सांभाळत उभ्या असलेल्या हास्कचा फोटो घेतला. आई जागची हलली नव्हती. पण तिची हाताची घडी सुटली होती.

मग त्यानं इंग्रजी वाचलं, सगळं, कुंकवासकट. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा बंदरावर काम करून निवृत्त झालेले एक म्हातारे उठले. ते दर शनिवारी आमच्या वर्गाशेजारी पेपर वाचत बसायचे. ते म्हणाले, जहाजाचं अगदी बरोबर आहे, भोंगे असेच वाजतात, पण हा श्रीधर कोण?

हास्क मान हलवत हसला. म्हणाला, श्रीधर हे ईश्वराचं नाव आहे. युगानुयुगे या निरक्षर स्त्रिया त्याची वाट बघतात, त्याच्यासाठी चहा ठेवतात, आणि तो कधीच येत नाही.

दाराशी बाबांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. ‘माफ करा,’ ते म्हणाले, ‘तो मी. उशीर होतो हे खरं आहे. ऑपरेशन लांबतात.’

हॉलमध्ये आधी कोणाला काही कळेना. मग बंदरवाले म्हातारे हसायला लागले आणि हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. कॉलेजच्या लोकांपैकी एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हास्कला विचारलं, ‘मग ही गाणी कोणाची?’ हास्क म्हणाला, नाव हा एक योगायोग आहे, गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत, ह्या बाई केवळ त्यांच्या वाहक. त्यानं आईकडे असा हात केला, जशी ती भिंतीवरची तसबीर आहे.

आई उठली. पदर खांद्यावरून घेतला, हास्ककडे वळली आणि एक दम घेण्याइतकीही न थांबता म्हणाली:

‘वरच्या खोलीत ठेवला पाहुणा, रोज वाढली खीर,
श्रीधररावांचं नाव घेतो, केवढा त्याचा धीर.’

बायका ज्या हसल्या त्या हसल्या. मालतीकाकूंना खुर्चीची पाठ धरावी लागली. मिसेस ड्रूइट माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आम्हालाही कळू दे.’ मी उभी राहिले आणि मोठ्यानं इंग्रजी केलं, खीर, खोली, नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे काय आणि ते कोण घेतं, ओटी कशासाठी भरतात, सगळं. आमच्या वरच्या खोलीत कोण राहतं हेही सांगितलं. कॉलेजच्या बाईंनी हास्कच्या कपाळाकडे बघितलं, मग मफलरातल्या नारळाकडे, आणि पुस्तिका मिटून मांडीवर पालथी ठेवली. आमच्या लॉजरबद्दल शतकं बोलत नसतात, एवढं त्यांच्या लक्षात आलं असावं.

आता हसून हसून डोळे पुसत मालतीकाकू दाराकडे वळल्या. ‘काय डॉक्टर, सुमनताईंनी आजवर तुमचं नाव शंभरदा घेतलं. तुम्ही एकदा तरी घेतलंत का?’

बाबांनी लग्नातसुद्धा उखाणा घेतला नव्हता. म्हणे भटजींच्या कानात काहीतरी पुटपुटले होते. त्यांनी बीपरकडे बघितलं. तो काही मदतीला आला नाही. मग ते दोन पावलं पुढे आले, घसा साफ केला, आणि रुग्णाला दहापासून उलटे आकडे मोजा म्हणतात त्या आवाजात म्हणाले:

‘गार झाला चहा तरी पितो, तक्रार करत नाही,
सुमनचंच आहे हे सगळं, दुसऱ्या कुणाचं नाही.’

‘अहो डॉक्टर,’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘नाहीला नाही जुळवता?’

‘खरं तेवढंच आहे,’ बाबा म्हणाले.

त्याचं इंग्रजी मला लगेच करता आलं नाही. आई खाली बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती; पर्समध्ये रुमाल शोधत होती, आणि रुमाल तिच्या हातातच होता. शेवटी मी सांगितलं. मिसेस ड्रूइटनी लायब्ररीची प्रत टेबलावर उघडली, पेनचं टोपण काढलं आणि कव्हरावर लेलंड हास्क या नावाच्या वर, मोठ्या गोल अक्षरांत, आईचं नाव लिहिलं. स्पेलिंग विचारून लिहिलं. लायब्ररीच्या पुस्तकावर लिहू नये हा बोर्ड त्यांच्या डोक्यामागेच लावलेला होता.

कॉलेजनं हास्कला ठेवलं नाही. जूनमध्ये तो गेला, खण-नारळ बरोबर घेऊन. पण असल्या माणसांचं वाईट होतं असं समजू नका; मलाही वाटलं होतं, तेव्हा मी सतराची होते. अमेरिकेत त्याच हिरव्या पुस्तिकेवर त्याला कायमची जागा मिळाली. पुस्तक आजही निघतं, जाड कव्हरात, तीच प्रस्तावना. तिशीत असताना मी प्रकाशकाला लिहिलं होतं. ‘लेलंडच्या दृष्टीला आव्हान देणारं एक रोचक मत’ असं उत्तर आलं. नाव असलेली जगात एकच प्रत आहे, आणि लायब्ररी हलली तेव्हा तीही कुठल्यातरी खोक्यात गेली. त्याचे ओहायोचे वडील मात्र पुढे बरीच वर्षं रविवारी आईला फोन करायचे. ते खरोखर गेले, त्यावर हास्कनं काही लिहिलं नाही. विषय संपलेला होता.

आई आता माझ्याकडे एजवेअरला असते. परवाची ती मेल मी तिला वाचून दाखवली. तिच्यात सभागृहाचा फोटो होता, आणि सभागृहाच्या दारावर लावायला काढलेल्या मोठ्या तसबिरीचाही. कवीनं स्वतः निवडलेली तसबीर आहे म्हणे, त्याच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. मी टॅब्लेट तिच्यासमोर धरला आणि बोटांनी फोटो मोठा केला. कपाळावर हळदीकुंकू, डोळ्यांत पाणी, लाल मफलरात नारळ, तांदूळ, खण. पुढच्या कित्येक पिढ्या त्या दारातून आत जाताना त्याला नमस्कार करणार.

आईनं चष्मा पुसून घातला आणि बराच वेळ बघितलं. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. चहा ती अजून दोन कप करते. दुसरा मी पिते, गार झाल्यावर.

‘सवत माझी,’ ती म्हणाली. ‘अजून कुंकू लावून उभी आहे बिचारी. हे गेल्याचं हिला कोणी कळवलं का?’